नवरदेव आप्पा

गाल भरून घ्यायला येणारी माणसं मोबाइलमधला फोटो पुढं करतात. कुणाला अमक्या नटीसारखे ओठ हवे असतात, कुणाला तमक्या नटासारखा जबडा. वरवंडच्या आप्पांनी बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोटो काढला, तो त्यांचा स्वतःचाच होता. लग्नातला, काळा-पांढरा, डोक्याला फेटा, गाल कसे टम्म भरलेले. तो टेबलावर ठेवून ते आमच्या डॉक्टर मॅडमना म्हणाले, "असं करा."

"आप्पा, हा कधीचा?"

"लगीन झालं तवाचा. तेविसावं लागलं हुतं मला."

आता ते सत्तरीला टेकलेले. गाल आत गेलेले, डोळ्यांखाली पिशव्या, हनुवटीखाली कातडं लोंबणारं. मी केसपेपर लिहीत होते. हसू दाबता दाबता त्यांचं वय लिहायचंच राहून गेलं.

दौंडच्या या दवाखान्यात मी गेली आठ वर्षं सिस्टर आहे. आले तेव्हा आमच्याकडं गजकर्ण, खरूज आणि उसाच्या पाचटानं उठलेली खाज, एवढंच काम. आता पाटीवर जागा पुरत नाही. बोटॉक्स, फिलर, पीआरपी, शिवाय माशापासून केलेलं म्हणे काहीतरी, ज्यानं कातडी तुकतुकीत होते. लग्नसराईत नवऱ्या मुली रांग लावतात, पोरं विशीतच टक्कल घेऊन येतात. आठवड्यातले दोन दिवस मॅडम शिरूरला बसतात, तिथंही हीच गर्दी. पण एवढ्या वयाचा, बंडी-धोतरातला माणूस पहिलाच. बायको गेली असणार आणि म्हातारा दुसरीचा घाट घालतोय, असं मी धरूनच चालले. 'नवरदेव' हे नाव मीच ठेवलं. माझी जीभ आधीपासूनच जरा लांब आहे.

मॅडमनी आधी पीआरपी सुचवलं. त्यात आपलंच रक्त काढून मशिनमध्ये गरागरा फिरवायचं आणि वर येणारा पिवळा भाग बारीक सुईनं चेहऱ्यात सोडायचा. आप्पा मशिनपाशी जाऊन उभेच राहिले. "म्हंजी डेअरीवानीच की! मग फॅट किती लागलं माझं?" सगळा दवाखाना हसला. बधिर करायचं मलम त्यांनी लावू दिलं नाही. सुया टोचताना डोळे उघडे ठेवून पंख्याकडं बघत बसायचे. प्रत्येक खेपेला माझ्यासाठी गुऱ्हाळावरचा गुळाचा खडा आणायचे आणि काम झालं की लगेच निघायची घाई. एकदा मॅडम शिरूरला होत्या, तर हा गडी न्हावऱ्याच्या रस्त्यानं मोटरसायकलवर तिथं हजर. "नवरीला फार घाई झालेली दिसते," असं मी त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. ते नुसते हसले.

तिसऱ्या खेपेनंतर त्यांच्या डोळ्याखाली काळंनिळं झालं. फोटो पाठवा म्हणावं तर त्यांच्याकडं साधा फोन. मी केडगावची, वरवंड तिथून जवळच, म्हणून रविवारी बघून यायला गेले. खरं सांगायचं तर नवरी कोण ते बघायची मला हौस होती.

दार उघडंच होतं. आत स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून एक म्हातारी उभी होती. पदर नाकापर्यंत ओढलेला, पावलं सुजून पाटासारखी झालेली. मी आप्पा कुठं आहेत विचारलं, तर तिनं तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल बाई. मामंजी गोठ्यात बसल्यात. आन् ह्ये अजून शेतावरनं आलं न्हाईत."

गोठ्यात गेले तर तिथं आप्पाच. म्हशीच्या बाजूला पोत्यावर बसून, ताट मांडीवर घेऊन एकटेच जेवत होते. मला बघून ओशाळले.

"बायको माझी," ते म्हणाले. "तिचं डोसकं पुसत चाललंय. तरुनपनाचं तेवढं ऱ्हायलंय. मी आता आमच्या बापावानी दिसतो, म्हनून मला सासरा समजती. सासऱ्यापुढं सून बसती व्हय? मी घरात असलो की दिसभर हुभी. घास खात न्हाई. पाय बघितलंस न्हवं? म्हनून मीच हितं येऊन बसतो."

मी वाकून त्यांच्या डोळ्याखालचं काळंनिळं बघितलं.

"तोंड जरा भरलं तर वळखंल, असं वाटतंय बघ. पोरगं गुजरातेत कंपनीत हाय. त्याला तर ती पावना म्हनती. पन मला तरी वळखावं का न्हाई?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कसली नवरी आणि कसलं काय! घरी येऊन मी माझ्या जिभेला मनसोक्त शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. मग आप्पांना बोलावून त्यांनी स्पष्टच सांगितलं, "गाल भरून देते. फार तर वर्षभर टिकेल. पण त्या ओळखतीलच, असं मी म्हणणार नाही."

"वर्स लई झालं," आप्पा म्हणाले.

मॅडमनी तो फोटो दिव्याच्या दांड्याला चिकटवला आणि त्याच्याकडं बघत बघत फिलर भरलं. मी आप्पांचा हात धरून होते, त्यांना गरज नव्हती तरी. मिशा त्यांनी गावातल्या न्हाव्याकडून काळ्या करून आणल्या होत्या. आरशात बघितलं, पण स्वतःवर खूश झाल्याचं काही दिसलं नाही. माझ्याकडं वळून विचारलं, "फोटूतला वळखू येतो का गं पोरी?" मी म्हटलं, "हुबेहूब!" थोडं खोटंच बोलले.

पंधरा दिवसांनी आले ते दारातूनच म्हणाले, "बसली गं! माझ्याम्होरं बसली, पदर मागं सारला आन् अर्धी भाकरी खाल्ली." मी टाळ्याच वाजवल्या. मग ते खुर्चीत बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पन भावजी म्हनली मला."

त्यांचा धाकटा भाऊ काही वर्षांपूर्वी गेलेला, तोंडावळा तोच, गाल मात्र गुबगुबीत. "मॅडमचा हात जरा जास्तच पडला म्हना की," असं म्हणून आप्पा एकटेच हसले.

मॅडम म्हणाल्या, यातलं थोडं विरघळवता येतं, तसं इंजेक्शन असतं. आप्पांनी मान हलवली. "नगं. बसती, जेवती, थट्टा करती. एवढं कशाला घालवायचं? हाय त्ये ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर वर्षभर हा माणूस आपल्याच घरात आपल्याच बायकोचा दीर होऊन राहिला. अधूनमधून दवाखान्यात येऊन मला सांगायचा. घरी बोलायला दुसरं होतं कोण? एकदा राहवलं नाही म्हणून ते तिला म्हणाले, "अगं, मीच हाय." तर ती संतापानं थरथरली, आत जाऊन कडी लावली आणि शेजारच्या सुनेला हाका मारत राहिली. दीर वहिनीला असलं बोलला, तर ती काय करील दुसरं! पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

"दिसभर नवऱ्याच्या वाटंकडं डोळं लावून बसती," ते म्हणायचे. "मी शेजारीच बसतो. तिच्या संगं मी बी वाट बघतो माझी. परवा म्हनली, तुमच्या भावानं मला कवा नावानं हाक मारली न्हाई. अगं ए, न्हाईतर ऐकलं का. आमच्यात कोन घेतंय गं बायकूचं नाव? पन मला कवा बोलली न्हवती ही. भावजीला बोलली."

हे ऐकून घरी गेले की मला माझं घर जास्तच रिकामं वाटायचं. आई गेल्यापासून मी एकटीच आहे. चुकीच्या नात्यानं का होईना, मला हाक मारणारं तिथं कुणी नाही.

गाल पुन्हा भरायची वेळ झाली म्हणून मी फोन केला. आप्पा आले, पण मॅडमकडं गेले नाहीत. बाकड्यावर माझ्याजवळ बसले. गाल उतरले होते, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"गेली," ते म्हणाले. "दुपारचं जेवून आडवी झाली. म्हनली, भावजी, ह्ये आलं की उठवा मला. मी म्हनलं, उठवतो, वहिनी."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"च्याच्या वक्ताला अंग गार लागलं. मग म्या जवळ जाऊन नाव घेतलं तिचं. गजरा, म्हनलं. गजरा, ऊठ. आलोय मी."