घनपाठी आणि धुण्याची पावडर

बिंदुमाधव पळसुल्यांना जगातल्या बऱ्याच गोष्टींचा तिटकारा होता, पण टीव्हीवरच्या जाहिरातींचा होता तेवढा कशाचाच नव्हता. हा तिटकारा त्यांनी एखाद्या व्रतासारखा पाळला. रोज संध्याकाळी हातपाय धुवायचे, मांडी ठोकायची आणि टीव्हीसमोर बसून जाहिरातींना शिव्या घालायच्या.

शिव्या घालायचा अधिकार त्यांनी कमावला होता, निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. ब्रह्माघाटावरच्या जुन्या मराठी वस्तीत त्यांना घनपाठी म्हणत. घनपाठ म्हणजे वेद नुसता म्हणायचा नाही, तर विणायचा. पहिलं पद दुसऱ्याला जोडायचं, दुसरं पहिल्याला, मग तिसरं घेऊन तिन्ही सरळ, तिन्ही उलट आणि पुन्हा तिन्ही सरळ, असं पुढे सरकत जायचं. पुस्तक नाही, कागद नाही. लहानपणी वडिलांनी त्यांचं डोकं हातात धरून स्वरागणिक खाली-वर हलवलं होतं आणि त्या हलण्यातून जे आत गेलं ते पुन्हा बाहेर पडलं नाही. सभेत बिंदुमाधव कधी अडखळले नव्हते. ही त्यांची एकुलती एक इस्टेट, आणि तिच्या जोरावर ते साऱ्या दुनियेला तुच्छ लेखत. ज्याला घन येत नाही तो त्यांच्या मते अर्धाच माणूस होता, मग तो विद्यापीठातला प्राध्यापक का असेना.

टीव्ही घरात आणला तो मुलाने, केयूरने. तेव्हा रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागायची आणि सुनीतीबाई, म्हणजे पळसुल्यांची पत्नी, पडद्याला हळदकुंकू लावायच्या. पळसुले गुरुजी पाठ फिरवून बसत, पण कानांना काही पाठ फिरवता येत नाही. तेव्हाच्या जाहिराती गरीब बिचाऱ्या होत्या. मालिकेआधी सगळ्या एका ओळीत येऊन जात. टाय लावलेला एक गृहस्थ टॉनिकची बाटली धरून उभा राहायचा आणि सांगायचा, हे प्या, ताकद येईल. पदर खोचलेली एक बाई सदरा दाखवायची. वस्तू काय, कशासाठी आणि किती बरी, एवढं सांगून मंडळी निमूट निघून जायची. "भिकारी आहेत, पण दारात उभे राहून मागतात," असा गुरुजींचा निकाल होता.

मग नव्वद साल उलटलं आणि केबल आली. गच्च्यांवरून तारा गेल्या. माकडांनी त्या तोडल्या, केबलवाल्याने पुन्हा जोडल्या, माकडांनी पुन्हा तोडल्या. "या गावात अक्कल फक्त माकडांना उरली आहे," गुरुजी म्हणाले. आता भिकारी दारात थांबेनात, थेट माजघरात घुसू लागले. गोष्ट ऐन रंगात आली की मध्येच एक मुलगी येऊन थंड पेय पिई आणि पोरांची टोळी नाचू लागे. त्यात वस्तू कुठली हे शेवटपर्यंत कळायचं नाही. पानमसाला विकणारा राजवाड्याच्या पायऱ्या उतरत यायचा, जसं काही सुपारी खाल्ल्याने खानदान मिळतं. आणि खाली, पडद्याच्या तळाला, केबलवाल्याची पट्टी सरकत असे: चौकातलं साड्यांचं दुकान, मूळव्याधीवर शर्तिया इलाज, इंग्रजी बोला तीस दिवसांत.

"बघा, बघा," गुरुजी सुनेला म्हणत, "ही बाई साबणाशी लगट करतेय! लाज नाही हिला."

"मग बाबा, तुम्ही बघता कशाला?" अवनी एकदा बोलून गेली. ती इथेच वाढलेली, तिच्या मराठीत हिंदी मिसळलेली. "बंद करून देऊ का?"

"शत्रू ओळखून असावा माणसाने," गुरुजी म्हणाले आणि टीव्ही चालूच राहिला.

एकदा मुन्शी घाटावर मुंबईची जाहिरातवाली माणसं आली. एका नावाड्याला त्यांनी पंडित केलं, त्याच्या कपाळावर गंध उलटं फासलं आणि त्याच्या हातात चहाचा कप दिला. गुरुजी घाट उतरून मुद्दाम बघायला गेले, तोंड भरून थुंकले आणि ती जाहिरात केव्हा लागते याची वाट बघत महिनाभर टीव्हीसमोर बसले. नाकाने कांदे सोलावेत ते यांनी.

खरं कारण वेगळं होतं आणि ते गुरुजी कुणाला सांगत नव्हते. संध्याकाळची ती वेळ पूर्वी आवृत्तीची असे. शेजारचे शिवराम घनपाठी आणि ते समोरासमोर बसायचे. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने उचलायचं, चूक झाली की तिथेच थांबवायचं. शिवराम वारले आणि समोरची जागा रिकामी झाली. एकट्याने आवृत्ती करायला बसलं की चार पदांनंतर घसा कोरडा पडायचा. उद्या करू म्हणता म्हणता ती राहिली आणि तिच्या जागी टीव्ही बसला. शिव्या घालायलाही समोर कुणीतरी लागतं.

आणि गुरुजींचे कान साधे नव्हते. तीनदा ऐकलेलं पुसायचं नाही, याचीच तर त्यांना तालीम होती. गाळणी त्या तालमीत नव्हती, कारण वडिलांच्या घरात नको ते कानावर पडतच नव्हतं. सत्त्याण्णव साली धवलिनी नावाच्या धुण्याच्या पावडरीची जाहिरात आली. एक बाई दोरीवर चादर टाकते आणि पोरंटोरं भोवती फेर धरून, मळ पळाला म्हणून गातात: "मैल गया, गया मैल, मैल गया भाग! भाग गया मैल, मैल गया भाग!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गुरुजी ताडकन उठले.

"अगं, हा तर घन आहे!" ते ओरडले. "चोरांनी आमचा घन चोरला आणि चड्ड्या धुवायला लावला!"

सुनीतीबाई हसल्या. गुरुजी हसले नाहीत. पण पुढचे पंधरा दिवस घरात कुणाच्या ना कुणाच्या तोंडी ते होतंच, आणि गुरुजी प्रत्येकाला रागावत होते.

चैत्रात भोसले घाटाजवळ शरदरावांकडे वसंतपूजा ठरली. शरदराव बँकेतले साहेब, नागपूरहून बदलून आलेले. हौशी माणूस. वैदिकांच्या दोन ओळी समोरासमोर बसवायच्या, मंत्रजागर करायचा, मग पन्हं आणि डाळ, हे सगळं त्यांना करून बघायचं होतं. बदलीवर आलेली पन्नासेक मराठी माणसं जमली, बँकेतली, रेल्वेतली, विद्यापीठातली. बायका जरीच्या साड्यांत आल्या होत्या, पुरुषांच्या कुडत्यांची इस्त्री मोडलेली नव्हती. पहिला मंत्र जेमतेम सुरू झाला आणि पुढच्या रांगेतल्या एकाला डुलकी लागली. गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणत गुरुजींनी घनाला सुरुवात केली.

समोरच्या ओळीत शिवरामांच्या जागी दोन तरुण होते. पोट भरण्यापुरती संहिता, म्हणजे वेद नुसता सरळ म्हणणं, शिकलेले. घन उचलणं त्यांच्या बापजन्मी शक्य नव्हतं, म्हणून गुरुजी एकटेच दोन्ही बाजू म्हणत राहिले. सुरुवात उत्तम झाली. आवाज भरदार लागला, मान स्वरांबरोबर हलत होती, आणि यांना काय कळतंय हा त्यांचा आवडता विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

आणि एक पद आलंच नाही.

जिथे ते असायला हवं होतं तिथे पोकळी होती. गुरुजी मागच्या पदावर परतले, पुन्हा धाव घेतली, पुन्हा तिथेच थांबले. त्यांनी समोर पाहिलं. दोन्ही तरुणांनी माना खाली घातल्या. त्यांनी सभेकडे पाहिलं. शरदराव कौतुकाने हसत होते, त्यांना वाटलं हीच पद्धत असेल. पद सांगणारं कुणी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा बिंदुमाधव पळसुल्यांना भीती वाटली. जीभ मात्र चालतीच राहिली, कारण तिला थांबायची शिकवणच नव्हती. दोन सरळ, दोन उलट, तीन सरळ. साचा तयार होता, त्यात घालायला काहीतरी हवं होतं. त्याच भरदार आवाजात, त्याच स्वरांत, मान खाली-वर करत गुरुजी म्हणाले, "मैल गया, गया मैल..."

ते तिथेच गप्प झाले. पण सभा गप्प राहिली नाही.

"मैल गया भाग!" डुलकी लागलेला गृहस्थ जागा होऊन म्हणाला. "भाग गया मैल!" बायकांनी उचललं. विद्यापीठातले प्राध्यापक, रेल्वेचे साहेब, समोरच्या ओळीतले दोघे वैदिकसुद्धा, एकाही अक्षराची चूक न करता सगळ्यांनी शेवटपर्यंत म्हटलं, आणि टाळ्या वाजल्या.

"वा गुरुजी!" शरदराव शाल घेऊन पुढे आले. "घन म्हणजे काय ते किती सोपं करून सांगितलंत! इतकी वर्षं असल्या कार्यक्रमांना जातोय, पण काही समजलं ते आजच."

"चूक झाली," गुरुजी म्हणाले. टाळ्यांत ते विरलं, म्हणून पुन्हा म्हणाले, "माझी चूक झाली. मी पद विसरलो. पहिल्यापासून म्हणतो."

"अहो, राहू द्या हो," शरदराव म्हणाले. "इतकं छान झालं. चला, पन्हं गरम होतंय."

खांद्यावर शाल पडली. माणसं उठली, पाया पडायला रांग लागली. गुरुजी वाकणाऱ्या प्रत्येकाचं तोंड वर आलं की न्याहाळून बघत होते. कुणीतरी रागावेल, निदान एक माणूस तोंड फिरवून निघून जाईल, म्हणेल की ब्राह्मणा, हे काय केलंस. रांग संपेपर्यंत त्यांनी वाट बघितली. कुणी रागावलं नाही. सगळ्यांना ते आज फार आवडले होते.