टाकीतलं ब्लीच

कोविड पसरल्यावर ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या त्या वस्तीने बाहेरच्यांसाठी रस्ता बंद केला, ते योग्यच होतं. म्हातारी माणसं जास्त, हॉस्पिटल दूर. पण तिथल्या बोअरचं खारं पाणी गोडं करणारं सोलर यंत्र मी बसवलेलं, आणि मी दूर टूवूंबा शहरात घरी अडकलेली. घाईघाईत एक सूचनापत्रक ईमेल केलं : यंत्राचा प्रत्येक भाग रोज ब्लीचने स्वच्छ करावा. मास्क काढू नये.

आठवड्याने यंत्र सांभाळणाऱ्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. सगळे त्यांना आंटी म्हणत, मीही.

"चहा खारट लागतोय."

"यंत्रात काही बदललंत?"

"छे! तुझ्या कागदाप्रमाणेच चाललंय. बोअरच्या टाकीतही रोज कपभर ब्लीच ओततेय."

मीठ अडवणारं मेम्ब्रेन ब्लीचने कायमचं खराब होतं. मला हँडल आणि नळ म्हणायचे होते. लिहिलं होतं प्रत्येक भाग.

"चूक माझी आहे," मी सांगितलं. "राखीव टाकीत गोडं पाणी किती?"

"दोन दिवसांचं."

आंटींच्या किडन्या अधू. खारं पाणी त्यांना चालणारच नव्हतं.

शेडमध्ये नवं मेम्ब्रेन एकच होतं. बोअरच्या टाकीत ब्लीच राहिलं तर तेही जाणार. तपासायच्या पट्ट्या संपलेल्या. मी टाकी तीनदा धुवायला लावली.

"आता वास घ्या."

"काहीच येत नाही."

ब्लीच गेलं, की आंटींचं नाक? त्या दिवसांत आधी दुसरंच मनात यायचं.

"कॉफीची बाटली हुंगा बघू."

"थांब, मास्क काढते."

"म्हणजे टाकी मास्क लावून हुंगलीत?"

"तूच लिहिलंयस, काढू नये!"

"मम, यू आर शाउटिंग," आतल्या खोलीतून माझी मुलगी म्हणाली.

कॉफीचा वास आला. मग टाकीचाही, थोडा. पुन्हा दोनदा धुतली, तेव्हा वास गेला. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर मी सांगत गेले, आंटी नवं मेम्ब्रेन बसवत गेल्या. रबराची रिंग जरा वाकडी बसली असती तरी खारं पाणी आत मिसळलं असतं. स्क्रीनवर मला त्यांचा अंगठाच दिसत होता.

पाण्यातलं मीठ मोजणाऱ्या मीटरचा आकडा हळूहळू उतरला. तरी मी म्हटलं, "चहा करून बघा."

किटली उकळेपर्यंत मी कॉल कापला नाही. आंटींनी घोट घेतला.

"साखर जास्त झाली."

मी लगेच नवं पत्रक लिहायला बसले. पहिली ओळ : टाकीत काहीही ओतू नये. पाठवायच्या आधी आंटींना फोनवर वाचून दाखवलं.

"'काहीही' म्हणजे पाणीसुद्धा नाही?" त्यांनी विचारलं.

ती ओळ मी पुन्हा लिहिली.