माझं खोटं पथ्य

माझ्या पोटानं मला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो कमरेनं. परभणीतल्या एका कचेरीत मी कित्येक वर्षं खुर्चीत बसून काम करतेय. खुर्ची होती तेवढीच राहिली, मी तिच्यात मावेनाशी झाले. पुढे पुढे खाली पडलेला पेन उचलायचा तर आधी टेबल धरायचं, मग देवाचं नाव घ्यायचं आणि मग वाकायचं, अशी वेळ आली. डॉक्टरकडे मात्र गेले नाही. ते काय म्हणणार हे मला ठाऊक होतं आणि ते ऐकायची हौस नव्हती.

फोनवर बघून घरातच व्यायाम सुरू केला. उताणं पडायचं, डोक्यामागे हात घ्यायचे आणि उठत राहायचं. पोट जागचं हललं नाही, मान तेवढी आखडली. नवरा म्हणाला, "आता मानेसाठी वेगळा व्यायाम बघ." त्याच्यावर डाफरले आणि दुसऱ्याच दिवशी जिममध्ये बायकांच्या बॅचला नाव घातलं.

शिकवणारी पोरगी माझ्या लेकीच्या वयाची, पण जिभेची धार सासूची. पहिल्याच सकाळी तिनं सांगितलं, "मॅडम, पोटाचा व्यायाम केला म्हणून पोटाचीच चरबी जात नसती. सगळ्या अंगाची जाती, आणि कुठली आधी जायची ते तुमच्या हातात नाही." मला फार राग आला, कारण मला फक्त पोटच घालवायचं होतं. तिनं मला कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग तोलून धरायला लावलं. त्याला प्लँक म्हणतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, बाई नुसती पडून आहे. पडून असलेल्या बाईला मात्र आपले सगळे पूर्वज आठवतात. कमरेभोवतीचा स्नायूंचा पट्टा बळकट झाला की कंबर आपोआप गप्प बसते, असं तिचं म्हणणं होतं. उठाबशा, थोडं वजन उचलणं, विद्यापीठाच्या रस्त्यानं भराभर चालणं आणि ताटात भात कमी, डाळ-उसळ जास्त, एवढंच ती सांगायची. गोळ्या नाहीत, पावडरी नाहीत.

तिचं खरं निघालं. कंबर गप्प बसली. पेन पडला तर मी तो सहज उचलू लागले, कधी कधी मुद्दाम पाडू लागले. चरबी मात्र आधी गेली ती चेहऱ्याची. पोट होतं तिथंच होतं आणि गालफडं बसली. ओढणी नीट घेतली तर लोकांना दिसायचा तो फक्त चेहरा, आणि तो आजाऱ्याचा दिसायचा. कचेरीतल्या दोघीतिघींनी हळूच "तब्येत बरी आहे ना?" असं विचारलंही. मला आतून गुदगुल्या व्हायच्या.

अशा चेहऱ्यानं मी दिवाळीनंतर माहेरी गेले. आमचं गाव जिंतूरच्या पुढे, बसमधून उतरून थोडं चालत. घरी आई, भाऊ आणि वहिनी. आईला साखरेचा आजार आहे, दोन्ही वेळच्या गोळ्या आहेत. मला बघताच तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि ती तडक चुलीकडे गेली. दुपारी ताटात पुरणाच्या पोळ्या, वर तुपाची धार आणि सोबत येसराची आमटी.

"एकच पुरे, माय."

"कामून? लय वाळलीस तू. खायलीस का न्हाई तिकडं?"

खरं सांगायला काय हरकत होती? पण ओसरीवर शेजारच्या बायका बसलेल्या. सगळ्या रानातून खुरपून आलेल्या, एकीच्याही अंगावर चिमटीत धरण्याइतकी चरबी नाही. मी पैसे भरून जमिनीवर पालथी पडते, हे त्यांच्यापुढे सांगायचं? गावभर हसू झालं असतं. म्हणून मी सगळ्यात सोपा शब्द वापरला.

"पथ्य हाय मला. डॉक्टरनं सांगितलंय."

आईनं दुसरी पोळी उचलून ठेवली. कशाचं पथ्य, कोणता डॉक्टर, काहीच विचारलं नाही. माझी सुटका झाली असं वाटून मी निवांत जेवले. या निवांतपणाची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. कारण आमच्या घरात पथ्य हा शब्द काय आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. वडील आजारी पडले तेव्हा चुलत्यांनी दवाखान्यातून येऊन आईला एवढंच सांगितलं होतं, "काही न्हाई, पथ्य सांगितलंय डॉक्टरनं." आई त्यांना अळणी करून घालत राहिली आणि वडील वाळत गेले. काय झालंय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिला शेवटी कळलं, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तोच शब्द मी तिच्या हाती दिला आणि वर तूप नको म्हणाले.

परभणीला परत आल्यावर मी पुन्हा व्यायामाला लागले. आता कुठे पोट हलायला लागलं होतं. आरशासमोर बाजूनं उभं राहून बघायची सवय लागली होती. एक दिवस कचेरीत जेवणाच्या सुट्टीत वहिनीचा फोन आला.

"ताई, तुमी रागावू नका, पण खरं सांगा. तुमाला काय झालंय?"

"मला? काही नाही. का?"

"मामींनी, तुमच्या मायनं, रातचं जेवण सोडलंय, तुमी गेल्यापासून. देवीला बोलल्यात, लेकीचं अंग भरंस्तोवर एकच टाइम खाईन म्हणून. गोळी उपाशीपोटी घ्यायल्यात. काल चक्कर येऊन मोरीत पडल्या. माझं ऐकत न्हाईत म्हणून आज तुमाला लावला फोन."

समोर माझा डबा उघडा होता, मोजून मापून भरलेला. तो तसाच झाकला. मी घाम गाळून वजन उतरवत होते आणि ते परत चढावं म्हणून माझी म्हातारी आई उपाशी निजत होती. काल जिमच्या पोरीनं मला शाबासकी दिली तेव्हाच तिकडे आई मोरीत पडली असेल, असा विचार आला आणि मला माझीच किळस आली.

रजा टाकली आणि पहिल्या बसनं गेले. आई ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. कपाळावरच्या जखमेत हळद भरलेली. तिच्या चोळीच्या बाह्या दंडांवर ढिल्या झाल्या होत्या. मी पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टर नाही, आजार नाही, पथ्य नाही. मी व्यायाम करते. तिचा विश्वास बसेना.

"माझ्यापसून लपवायलीस. तवा बी असंच केलं समद्यांनी."

मग मी सतरंजी अंथरली, ओढणी कमरेला खोचली आणि तिच्यासमोर कोपरांवर अंग तोलून धरलं. वहिनी दारात तोंडाला पदर लावून उभी. आईनं पुढे सरकून वाकून बघितलं.

"हे काय गं घोरपडीवानी?"

"यानं कंबर धरत नाही, माय. हात लावून बघ."

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग जोर देऊन दाबलं. मी खाली गेले नाही. तिनं पुन्हा दाबलं, आणि मग तिचा हात तसाच माझ्या पाठीवर राहिला. मी मान वळवून पाहिलं, ती रडत होती.

"काही न्हाई ना मग तुला?"

"काही नाही."

"मेले, जीव घेतलास की माझा!"

संध्याकाळी वहिनीनं ताटं मांडली. आई उठेना. तिला म्हटलं, आता कशाला नेम, मी तर धडधाकट आहे. ती म्हणाली, "देवीला बोललेय. अंग कुठं भरलंय तुझं?"

"मग देवीला सांग की गैरसमज झाला. लेक खोटं बोलली म्हण."

आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी लहानपणीसारखी मागे सरकले. "तुझी चुगली करू व्हय देवीजवळ?"

"मग मीच सांगते."

"तू तर तोंडच उघडू नको."

तरीही मी तिला घेऊन निघाले. देवीचं ठाणं गावाबाहेर, लिंबाखाली. आई माझ्या खांद्याला धरून चालत होती. वाटेत मी मनात जुळवाजुळव करत होते, काय बोलायचं, कसं बोलायचं. ठाण्यापुढे उभी राहिले, हात जोडले, तोंड उघडणार तोच आईनं मला मागे सारलं. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मोठ्यानं, देवीला नीट ऐकू जावं असं बोलली.

"आई, मला आताशा ऐकू येत न्हाई. लेक म्हणली व्यायाम, म्या ऐकलं पथ्य. लेकराची काही चूक न्हाई. माझी चूक पदरात घे अन् मला मोकळं कर."

तिथून परत येऊन ती माझ्या शेजारी बसून एक भाकरी जेवली, गोळी घेतली. माझ्या आईचे कान अजून इतके तिखट आहेत की, वाड्याबाहेर शेळीनं दावं ओढलं तरी तिला आत कळतं.