गोदावरीच्या पुराची बातमी

आरमोरीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या चाचीचे उपकार आधी सांगते, मग काय झालं ते. त्या पावसाळ्यात तिने मला अडवलं नसतं, तर मी कुठल्यातरी नाल्यात वाहून गेले असते.

मी गोदावरीकाठच्या सिरोंच्याची, मासे धरणाऱ्या ढिवराघरची. तिथे तेलुगू शाळेत तिसरीपर्यंत शिकले; मराठी अक्षरं लग्नानंतर इथे येऊन गिरवली. तेव्हा नवरा आणि सासू रेशमी कोशाच्या किड्यांची पाखरांपासून राखण करायला जंगलात गेले होते. घरी मी एकटी, त्यात भित्री.

त्याच वर्षी चावडीत सरकारी रेडिओ आला होता. गुरुजी तो लावायचे आणि पुरुष पुढ्यात बसायचे. आम्हा बायांना बातमी कळायची ती त्यांच्या तोंडून.

एका सकाळी मीठ आणायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "वहिनी, तुमचं सिरोंचा बुडालं म्हनतेत."

"कोन म्हनते?"

"रेडिओ म्हनते."

आता रेडिओच म्हणतो म्हटल्यावर पुढे काय विचारणार? माणूस खोटं बोलेल, पेटी कशाला बोलेल! मी विहिरीवर पोचेपर्यंत लोकांच्या तोंडी सिरोंच्याची घरं वाहून गेली होती, घरी येईपर्यंत माणसंही. मी मुरमुरे बांधून घेतले आणि सिरोंच्याला पायी निघाले.

चाचीने दारातच माझ्या हातातलं गाठोडं ओढून घेतलं आणि मांडीखाली दाबून बसली.

"कुठी चालली बेटी? मधात नद्या किती हाय, मालूम हाय का तुले?"

"चाची, माही आई..."

"आई हायच. पहिले मले सांग, रेडिओ आपल्या कानानं कोनं आयकला?"

ते मला ठाऊक नव्हतं. मग माझा हात धरून ती विचारत निघाली. दुकानदाराला न्हाव्याने सांगितलं होतं. न्हावी मात्र स्वतः चावडीत बसला होता.

"सिरोंचा म्हनला का रे भाऊ रेडिओ?"

"गोदावरीले पूर आला म्हनला. मंग गोदावरी आनखी कुठी राह्यते?"

"लोकायचे केस कमी करतं, तेवढंच कर. बातमी काऊन वाढवून राह्यला?"

उलगडा गुरुजींनी केला. पूर नाशिकला आला होता. गोदावरी नाशिकवरून येते हे मला माहीतच नव्हतं. माझ्या लेखी ती आमच्या घाटापासून सुरू व्हायची. न्हाव्याच्याही मनात वाईट काही नव्हतं. नदीचं नाव ऐकून त्याला माझं माहेर आठवलं, इतकंच.

"पण गुरुजी, ते पाणी खाली येईलच ना?"

"येईल, पण फार लांबून, पसरत पसरत. तुम्ही घरी एक कार्ड टाका."

परतताना चाची हळूच म्हणाली, "मागं एकदा इथी दंगा होनार, पेपरात आलं, पेपरात आलं म्हनून आमी घर सोडून जंगलात पळालो होतो. तीन दिवसानं वापस आलो, तं इथी काहीच झालं नोतं. पेपर कोनंच पाह्यला नोता."

मी तेलुगूत कार्ड लिहिलं. उत्तर येईपर्यंत चाची रोज दुपारी सुईदोरा घेऊन माझ्या ओसरीवर बसायची. बोलायची थोडंच.

अकराव्या दिवशी भावाचं कार्ड आलं. घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या, बाकी सगळे सुखरूप. पण आई रडते आहे, कारण वैनगंगेने आरमोरी बुडवली असं कुणीतरी तिला सांगितलं. तू आहेस ना?

वाचून दाखवलं तशी चाची हसत सुटली. मग ओढणीने डोळे पुसून म्हणाली, "लिहून टाक, हाय म्हनून."

पुढे गुरुजींनी सांगितलं, की विद्वान लोक यावर पुस्तकं लिहून राहिले आहेत. आधी त्यांना वाटायचं, बातमी देवीच्या लशीसारखी सगळ्यांना सारखीच टोचली जाते. आता काहीजण म्हणतात, आधी ती दोन-चार ऐकणाऱ्यांकडे जाते आणि त्यांच्याकडून बाकीच्यांकडे. असेल. मी तिसरी शिकलेली, मी काय सांगणार? पण मला वाटतं, ज्याचा जीव जिथे अडकलेला असतो, बातमी त्याला तिथलीच ऐकू येते.

चाचीने सिरोंचा अजून पाहिलेलं नाही. एक दिवस तिला मी तिथे घेऊन जाईन, आईच्या हातची मासोळी खाऊ घालीन आणि आईला सांगेन, हिनंच मला राखलं. तेवढ्याने फिटणार नाही, पण तेवढं तरी करीनच.