लाल पट्टी डावीकडे

रोखठोकच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त व्हायचे, पण दिलासा काही मिळायचा नाही. दुकान तरी कसलं, जिन्याखालची चिंचोळी खोली! जरा घाईनं उठलं की टाळकं पायरीला आपटायचं. त्याचं खरं नाव आळीत कुणालाच आठवत नव्हतं. कुणी बंद पडलेली हार्ड डिस्क घेऊन आलं, की हा ती जोडायचा, कानाशी धरून ऐकायचा आणि सांगून मोकळा व्हायचा, "गेलं. आशा ठेवू नका." समोरच्याचे लग्नाचे फोटो असोत, नाहीतर पाच वर्षांचा अभ्यास असो. वर पुन्हा विचारायचा, "दुसरी प्रत का नाही ठेवली?" म्हणजे जखमेवर मीठ! लोक बाहेर पडून त्याच्या नावानं बोटं मोडायचे आणि पुढच्या वेळी निमूट त्याच्याकडेच यायचे. कारण 'बघू, उद्या होऊन जाईल' म्हणत त्यानं अठरा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला झुलवलं नव्हतं.

"अहो, यंत्रच ते," तो म्हणायचा. "पाच वर्षं झाली की डिस्क बदला. ती आजारी पडायची वाट कसली बघता?"

आणि याच्या सख्ख्या भावाच्या घरातली डिस्क अकरा वर्षांची होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

दादा त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादानंच याला लहानाचं मोठं केलं. दादाची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेली. तो निवृत्त झाला तेव्हा रोखठोकनं इकडचेतिकडचे भाग जमवून त्याला एक कॉम्प्युटर जोडून दिला, आणि दादा एका बोटानं टकटक करत आपली हकिगत लिहायला बसला. पंपघरातले सोबती, आईचा हाक मारायचा सूर, धाकटा भाऊ शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाच्या खांबाला कसा मिठी मारून बसला होता, सगळं सगळं. नऊ वर्षांत सहाशे पानं झाली.

मग एका सकाळी दात घासता घासता दादा कोसळला. जीव वाचला, पण शब्द गेले. चमच्याला तो 'झडप' म्हणायचा, बायकोला आईच्या नावानं हाक मारायचा. काल घडलेलं आज त्याच्या डोक्यात नसायचं. एके दिवशी वहिनीनं, त्याचा वेळ जावा म्हणून, त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं. तर काय नवल! स्वतः लिहिलेलं पान तो अडखळत अडखळत, पण मोठ्यानं वाचायला लागला. आणि वाचलेला शब्द मग त्याच्या तोंडात टिकायचा. चमचा पुन्हा चमचा झाला. दुसऱ्या कुणाचं लिहिलेलं समोर ठेवलं तर तो तोंड फिरवायचा. डॉक्टर म्हणाले, "हेच औषध चालू द्या." तेव्हापासून रोज दुपारी चारला दोन पानं वाचायचा नेम पडला.

"ते सगळं कागदावर छापून घेऊ या का?" असं वहिनी दोनदा म्हणाली होती. "आधी डिस्क बदलतो, मग निवांत छापू," असं रोखठोकनंच तिला सांगितलं होतं. आणि आज करू, उद्या करू म्हणता म्हणता ते राहून गेलं होतं.

एके दिवशी वहिनी दुकानात आली. "भाऊजी, त्यातनं कट् कट् आवाज येतो हो. उघडायला वीस-वीस मिनिटं लागतात. तोवर हे कंटाळून उठून जातात."

रोखठोकनं हातातलं काम बाजूला ठेवलं. कट् कट् म्हणजे डिस्क मरायला टेकली, हे त्याला सांगायला नको होतं. रविवारी सकाळीच तो सगळं सामान घेऊन हजर झाला. नवी डिस्क, जास्तीची मेमरी, नवा पंखा आणि नक्कल करायचं डबडं. या डबड्याला वर दोन खाचा होत्या. डावीकडे भरलेली डिस्क बसवायची, उजवीकडे कोरी, आणि बटण दाबायचं. डावीकडचं सगळं जसंच्या तसं उजवीकडे उतरतं. यात चूक झाली तर सत्यानाश, म्हणून रोखठोकचा एक शिरस्ता होता. भरलेल्या डिस्कवर तो लाल चिकटपट्टी लावायचा, "लाल पट्टी डावीकडे" असं तीनदा मोठ्यानं म्हणायचा आणि मगच बटण दाबायचा. गिऱ्हाईक हसायचे. पण अठरा वर्षांत त्याची एकदाही चूक झाली नव्हती.

दादाच्या खोलीत प्लग भलत्याच बाजूला होता. वायर आखूड पडली, म्हणून त्यानं डबडं उलटं फिरवून ठेवलं. त्याचं तोंड भिंतीकडे झालं. मग त्यानं लाल पट्टी लावली, डिस्का बसवल्या, तीनदा म्हटलं आणि बटण दाबलं. लाल पट्टी डावीकडे होतीच की! पण ती रोखठोकच्या डावीकडे. डबड्याची ती उजवी खाच होती.

नक्कल व्हायला तीन तास लागणार होते. तेवढ्यात त्यानं मेमरी बसवली, पंखा बदलला, आतला धुळीचा खच काढला. "दादा, आता चहा गाळून होईपर्यंत उघडेल बघ हा!" दादा हसला. त्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "धा... धाकट्या," तो म्हणाला. आजारपणानंतर पहिल्यांदाच! वहिनीनं पदर डोळ्यांना लावला. रोखठोकला तर आभाळ ठेंगणं झालं. आणि मागे भिंतीकडे तोंड करून ते डबडं घरघरत होतं, आणि कोरी डिस्क सहाशे पानांवर उतरत होती.

तीन तासांनी त्यानं नवी डिस्क बसवली. पडदा काळाच राहिला. जुनी लावली, तरी काळाच. मग त्याची नजर डबड्याकडे गेली. त्यानं ते सावकाश फिरवलं, तशी लाल पट्टीची खाच उजवीकडे गेली.

"काय झालं, भाऊजी?"

दोन्ही डिस्का पिशवीत टाकून तो दुकानाकडे निघाला.

तीन दिवस दुकान आतून बंद होतं. काय काय करून बघितलं त्यानं! पण त्याला आधीच ठाऊक होतं. आपटलेली डिस्क परवडली, तिच्यातून काहीतरी निघतं. जिच्यावर कोरं लिहिलं गेलं, तिच्यातून काही म्हणता काही निघत नाही. चौथ्या दिवशी तो दादासमोर उभा राहिला आणि अठरा वर्षं सगळ्यांना सांगत आला तेच बोलला. "गेलं, दादा. माझ्या हातनं गेलं. आशा ठेवू नकोस."

दादाला कळलं. तो आपल्या त्या एका बोटाकडे बघत राहिला आणि मग लहान पोरासारखा रडला, पार दिवेलागणीपर्यंत. वहिनीनं रोखठोकपुढे नेहमीसारखा चहा ठेवला. ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी चारला दादा खुर्चीत येऊन बसला. रोखठोकनं नवी डिस्क सुरू करून दिली होती, त्यामुळे कॉम्प्युटर क्षणात उघडला. पडद्यावर दादाचं एकही पान नव्हतं. "कुठे?" दादानं विचारलं. कालचं तो विसरला होता. रोखठोकनं पुन्हा खरं सांगितलं आणि दादा पुन्हा तसाच रडला. तिसऱ्या दिवशीही तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीनं त्याला दारातच अडवलं.

"तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा, भाऊजी. त्यांना ते रोज नव्यानं सोसावं लागतंय."

आता या गोष्टीला दोन महिने झाले. रोखठोक रोज पावणेचारला दुकान बंद करून दादाकडे जातो. चमच्याची पुन्हा झडप झाली आहे. 'धाकट्या' हा शब्द त्या रविवारनंतर आलाच नाही. दादा खुर्चीत बसतो, त्या चकचकीत रिकाम्या पडद्याकडे बोट करतो आणि विचारतो, "कुठे?"

"दुरुस्तीला दिलंय, दादा," रोखठोक सांगतो. "उद्या मिळेल."

"उद्या," दादा मान हलवून म्हणतो. तेवढा एक शब्द त्याला आता न अडखळता येतो.