घणाखाली मेलेल्या बुटक्याची चौकशी

खुनी शोधायला मी चार रविवार धरले होते. माझ्या तिघा खेळगड्यांनी ते प्रकरण पाऊण तासात मिटवलं, एकमेकांना टाळ्या दिल्या आणि भेळेचा पुडा फोडला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके महिने झाले, ती अजून पुरती उतरलेली नाही.

आधी खेळ काय होता ते सांगतो, कारण तिशी-पस्तिशीची माणसं फासे घेऊन बसतात म्हटल्यावर लोक जुगार समजतात. पुनावळ्यात माझ्या हॉलमध्ये रविवारी दुपारी आम्ही चौघं जमायचो. टेबलावर हाताने काढलेला नकाशा, वीस बाजूंचे फासे आणि चहा. एकजण गोष्ट चालवतो, त्याला आम्ही मास्तर म्हणायचो. तो मी. बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं होतात, काय करायचं ते तोंडाने सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. माझा डिप्लोमापासूनचा मित्र जादूगार व्हायचा. तो एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. तळेगावचा एक सुपरवायझर कुऱ्हाडवाला योद्धा असायचा. आणि वाकडहून स्कूटरवर येणारी एक आयटीवाली चोर व्हायची, तीही इतकी मन लावून की ती समोर बसली की मी खिसा चाचपायचो.

एरवी आम्ही राक्षस मारायचो. राक्षसाचं सोपं असतं, तो दिसतो आणि त्याला हाणता येतं. या वेळी मी खून लिहिला होता. खुनाची गोष्ट लिहिणं म्हणजे डोकेदुखी. एकेका सत्याकडे जायला तीन-तीन वाटा ठेवाव्या लागतात, कारण खेळणारे तुम्ही दाखवाल तिकडे कधी बघत नाहीत. मी वाटा ठेवल्या, साक्षीदार ठेवले. दोन आठवडे कंपनीतून आल्यावर तेवढंच करत होतो.

गोष्ट अशी. डोंगराच्या पोटात बुटक्या लोहारांचं गाव. धबधब्यावर चालणारा एक अवाढव्य घण. घणाभोवती निळ्या उजेडाचं मंतरलेलं कडं. जिवंत हात कड्याच्या आत गेला की घण हवेतच थांबतो. एका सकाळी म्हातारा कामगार त्या घणाखाली मेलेला सापडतो आणि कडं विझलेलं असतं. लोहारांचे पंच म्हणतात, अपघात. खरं असं, की राजाला तलवारींची घाई होती, कडं घणाला उठसूट अडवत होतं, आणि पंचांनी कागदावर शिक्के मारून ते विझवायला लावलं होतं. मंत्र काढणारा मांत्रिक गुत्त्यात बसून रडत होता. मेलेल्याची बायको दारात उभी होती. दोघंही बोलायला टपलेले. फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं.

ही गोष्ट मला सुचली नव्हती, दिसली होती. मी चाकणला प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला आहे. आमच्या प्रेससमोर लाइट कर्टन असतो, म्हणजे न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. एका प्रेसचा पडदा हादऱ्याने सारखा हलायचा आणि प्रेस विनाकारण बंद पडायची. डिस्पॅच अडला, तेव्हा चावी फिरवून पडदाच बंद केला. तशी परवानगी कागदावर घेतात, कागदावर तीन सह्या लागतात. चौथ्या दिवशी ऑपरेटरची उजव्या हाताची दोन बोटं गेली. लातूरकडचा माणूस, ठेक्यावर आठ वर्षं, वयाने आमच्यापेक्षा मोठा म्हणून सगळे त्याला मामा म्हणायचे.

अपघाताच्या चौकशीचा कागद भरायचं काम माझ्याकडे आलं. त्याला दीड महिन्याची मुदत होती. त्यात कंपनीची चूक आली तर मामाला हलक्या कामावर परत घ्यावं लागणार. कामगाराचा निष्काळजीपणा आला तर ठेकेदार त्याला घरी पाठवायला मोकळा. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, असे कागद मी अनेक भरलेत. म्हणूनच मी तो खून लिहिला. खरं काय ते दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून मला ऐकायचं होतं, माझ्या तोंडून ते निघत नव्हतं.

आणि हे तिघं शहाणे! त्यांनी बायकोला विचारलं नाही. गुत्त्यात पाऊल टाकलं नाही. सेफ्टी ऑफिसर म्हणाला, "मास्तर, घणाचं रजिस्टर दाखव." मी दाखवलं. त्याने वहीचं पान फाडलं आणि पाच रेघा ओढल्या. आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही कंपनीत हे पान ओळखतील. काहीही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्या उत्तराला मूळ कारण म्हणायचं, आणि फाइल बंद.

"बुटका का मेला?"

"घण पडला म्हणून," आयटीवाली म्हणाली.

"घण का पडला?"

"कडं विझलं होतं म्हणून," तळेगावकर म्हणाला.

मी श्वास धरून बसलो. आता पुढचा प्रश्न एकच होता, कडं का विझलं होतं. शेंबडं पोरही तोच विचारेल.

"कडं विझलेलं असताना," मित्र पेन आपटत म्हणाला, "त्याने हात आत का घातला?"

"बघितलं न्हाई त्यानं," तळेगावकर म्हणाला.

"का नाही बघितलं?"

"लक्ष न्हवतं."

"लक्ष का नव्हतं?"

"शिकवलेलं ध्यानात ठेवलं न्हाई."

"संपलं. मयताचा निष्काळजीपणा. उपाय म्हणून सगळ्या बुटक्यांना पुन्हा ट्रेनिंग, घणाजवळ बोर्ड. भावा, खून नाहीच हा. पुढचं लिही."

मी नकाशा ओढला, फासे सोफ्याखाली गेले. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. तुम्ही माणसं आहात की शिक्के, असं म्हणालो. दारात बायको उभी केली होती, तिला साधं 'काय झालं बाई' म्हणून कुणी विचारलं नाही, असं ओरडलो. आयटीवाली आधी हसली, मग गोरीमोरी झाली. "अरे, आमच्याकडे सर्व्हर पडला तरी असंच असतं," ती म्हणाली. "शेवटी कुणीतरी चुकीचं बटण दाबलेलं असतंच. त्यात काय एवढं?"

"तिसरा 'का' वळवला तुम्ही," मी म्हणालो. "सरळ जाणारा रस्ता माणसावर वळवला."

तळेगावकर इतका वेळ खाली बघत होता. तो आमच्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या एका व्हेंडरकडे काम करतो. सात पिढ्यांचा मावळातला, आवाज कधी चढवत नाही. तो म्हणाला, "राव, आमाला हे तुमीच शिकवलंय की."

"मी?"

"व्हय. तुमच्या कंपनीनं आमाला ट्रेनिंगला बोलावलं हुतं, तवा फळ्यावर तुमीच हुता. तिसऱ्याला माणसावर यायचं, मशिनीवर गेलं तर खर्च मंजूर करून घ्यावा लागतो, आसं म्हनला हुता. सगळी हासली हुती. मी लिहून घेतलं हुतं."

मला तो दिवस आठवला. जेवणानंतरचं सत्र होतं, लोक पेंगत होते, त्यांना जागं करायला मी तो विनोद केला होता. हशा मिळाला म्हणून नंतरच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये केला. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, तशातली गत.

मित्र मात्र माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होता. सेफ्टीतल्या माणसाला वास लवकर येतो. "तुमच्या प्रेसचा पडदा बंद करायला सह्या कुणाच्या लागतात?" त्याने विचारलं.

"प्रॉडक्शन, मेंटेनन्स," मी म्हणालो.

"आणि?"

"क्वालिटी."

त्याने खाली वाकून सोफ्याखालचे फासे काढले आणि पिशवीत भरले. पुडा अर्धा तसाच ठेवून तिघंही गेले. मला त्यांचा राग आला होता हे खरं, पण वड्याचं तेल मी वांग्यावर काढत होतो हेही मला तेव्हा कळून चुकलं.

संध्याकाळी बसून मी कागद सरळ भरला. पडदा का बंद होता? परवानगी दिली म्हणून. परवानगी का दिली? डिस्पॅचसाठी. सह्या करणाऱ्यांनी प्रेस पाहिली होती का? नाही. सह्या कुणाच्या? तिघांची पदं लिहिली, तिसरं माझं. मोठं काहीतरी करतोय असं वाटत होतं, आणि त्या वाटण्याचीही आता मला चीड येते.

सोमवारी कंपनीत जायच्या आधी मी मामाच्या खोलीवर गेलो. बायकोला का विचारलं नाही म्हणून मित्रांवर ओरडलो होतो, आणि स्वतः अपघातानंतर एकदाही मामाकडे फिरकलो नव्हतो. चाकणच्या मागच्या अंगाला भाड्याच्या खोल्यांची रांग आहे, त्यातली ही शेवटची. मामा दारातल्या खुर्चीत बसला होता. पट्टी बांधलेला हात मांडीवर आडवा. मला बघून उठायला लागला. मी खांद्याला धरून खाली बसवलं.

"मामा, काय झालं होतं?"

"हात घातला, साहेब. पत्रा वाकडा बसला होता, सरळ कराया गेलो. पडदा बंद हाय ते डोक्यातच नव्हतं. आठ वर्षं पडद्याच्या भरवशावर हात घातलाय."

मी खिशातून कागद काढून वाचून दाखवला. तो मान हलवत ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "हे देऊ नका."

"का?"

"ठेकेदाराचा माणूस आलता. माझी चूक झाली म्हणून लिहून घेतलं त्यानं. मी डाव्या हातानं सही करून देलो. परत घेतो म्हणलाय. आता तुमी असं लिवलं तर मी खोटा पडतो ना."

"मामा, निष्काळजीपणा असा शेरा पडला तर ते तुम्हाला उभं करणार नाहीत. मी असे कागद पाहिलेत."

"शब्द देलाय त्यानं."

"त्याच्या शब्दाला काय किंमत आहे?"

मी त्याच्यावर चिडलो. दोन बोटं गेलेल्या माणसावर, त्याच्याच दारात, आवाज चढवून. त्याची बायको आतून बाहेर आली आणि उंबऱ्यात थांबली. मामा शांत होता. "साहेब, तुमाला राग येतोय ते बरोबर हाय," तो म्हणाला. "पर तो तुमच्यापाशीच ठिवा. मला काम पायजे."

मी तो कागद घडी करून खिशात घातला. कंपनीत जाऊन दुसरा भरला, तिसऱ्या 'का'ला वळण घेऊन. मला दहा मिनिटं लागली. मामाच्याच म्हणण्यावरून केलं, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि ते खोटंही नव्हतं. पण त्या परवानगीवरची माझी सही कुणाच्या नजरेत येणार नाही म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं, तेही खरं आहे. प्लांट हेडने कागद वाचला आणि छान, स्वच्छ लिहिलंय म्हणाला. प्रेसजवळ बोर्ड लागला. सगळ्या ऑपरेटरांना पुन्हा ट्रेनिंग झालं. ते ट्रेनिंग मी घेतलं.

पट्टी सुटल्यावर मामा गेटवर गेला. त्याला आत सोडलं नाही. मी जेवायची सुट्टी होताच ठेकेदाराच्या ऑफिसात गेलो आणि टेबलावर हात आपटून विचारलं, शब्द दिला होता ना? ठेकेदाराने शांतपणे फाइल उघडली. "साहेब, माझी घ्यायची तयारी होती," तो म्हणाला. "पण तुमच्या कंपनीचा शेरा आहे, निष्काळजी. असा माणूस मी परत मशिनीवर कसा उभा करू? उद्या काही झालं तर तुम्हीच मला धराल." त्याने कागद माझ्याकडे फिरवला. खाली माझंच अक्षर होतं.

त्या संध्याकाळी मामाचा फोन आला. तो भांडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्याला फक्त समजून घ्यायचं होतं.

"साहेब, मी चूक कबूल केलो. तुमीबी तसंच लिवलं. सगळं त्यांच्या मनासारखं केलं. मग चुकलं कुठं?"

"चूक तुमची नव्हती, मामा," मी म्हणालो. "माझी होती. परवानगीवर माझी सही होती. प्रेस न बघता केली होती."

"मग तसं लिहून द्या की, साहेब," मामा म्हणाला.