वैशाखातली विहीर

"घर कोन बी दावंल. हीर मी दावतो."

आबांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. घर विकायला काढलेला माणूस आधी खोल्या दाखवतो, लाकूड किती जुनं आहे ते सांगतो. यांनी आम्हाला ओसरीवर टेकूसुद्धा दिलं नाही. थेट परसात नेलं, कठड्यावर दोन्ही कोपरं टेकवली आणि आत वाकून म्हणाले, "बघा."

नव्वदनंतरची गोष्ट. मी सेनगाव तालुक्यातल्या त्या गावात शाळेवर शिक्षिका होते. यजमानांचं जवळच्याच गोरेगावात औषधांचं छोटं दुकान. मुलगी नुकती पावलं टाकायला लागली होती. भाड्याच्या खोलीत पाण्याचा थेंबन् थेंब बाहेरून आणावा लागायचा, म्हणून स्वतःची विहीर असलेलं घर आम्ही शोधत होतो. आबांचं घर गावाच्या टोकाला, तांड्याकडे जाणाऱ्या वाटेवर होतं. तीन खोल्या, पुढे कडुनिंब, मागे विहीर. दिवाळीचे दिवस होते. हात खाली घातला तर ओला होईल इतकं पाणी वर आलं होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून मनातल्या मनात 'हो' म्हणून मोकळे झालो.

आबा मात्र विकायला तयार होईनात.

"आता समद्याच हिरी देखण्या दिसत्यात," ते म्हणाले. "वैशाखात या. तवा बघा अन् मंग बोला."

"आबा, तोवर दुसऱ्या कुणी घेतलं तर?" यजमानांनी विचारलं.

"काहून घेईल? इकनारा मीच हाव ना!"

बायको गेल्यापासून ते एकटे राहत होते. गुडघे धरत होते, म्हणून आखाडा बाळापूरला मुलीकडे जाऊन राहायचं त्यांनी ठरवलं होतं. मुलगा हिंगोलीला नोकरीला. त्याला हा व्यवहार लवकर उरकायचा होता, आणि त्याच्या मनात गिऱ्हाईक वेगळं होतं. एक वीटभट्टीवाला. त्याला घराशी देणंघेणं नव्हतं, त्याला पाणी हवं होतं. विहिरीवर मोटार बसवून भोवती भिंत घालणार, असं तो उघड बोलायचा. तांड्यावरचा हातपंप माघातच कोरडा पडायचा आणि तिथल्या बाया पावसाळ्यापर्यंत आबांच्या विहिरीवर यायच्या. भिंत झाली की त्यांनी कुठे जायचं, हे कोणी बोलत नव्हतं.

तो हिवाळा आणि उन्हाळा आबांनी आम्हाला स्वस्थ बसू दिलं नाही. मी वर्गात पाढे घेत असायचे आणि खिडकीत त्यांचा पटका दिसायचा. "बाई, पानी एक पुरुस, मानूसभर खाली गेलं. सांगून ठिवतो!" आणि निघून जायचे. पुढे पुढे वर्गातली मुलंच मला विचारू लागली, "बाई, आज हीर किती हाय?" दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना ते यजमानांना हाक मारायचे, "औषदवाले, घर पाहिजे का न्हाई बराबर सांगा. हीर उतरून राहिली." विकणारा माणूस आपल्याच मालाची अशी बदनामी करत हिंडतोय, हे तुम्ही कुठे पाहिलंय? आम्ही हसायचो. पण रात्री झोप लागेना. भट्टीवाल्याची जीप दर आठवड्याला त्यांच्या दारात उभी दिसायची.

वैशाखात आम्ही गेलो. दुपार तापली होती. मुलगा हिंगोलीहून आलेला होता आणि आमच्याशी एक शब्दही न बोलता ओसरीवर बसून होता. परसात तांड्यावरच्या पाच-सहा बाया घागरी घेऊन थांबलेल्या. तळाशी खळगाभर पाणी उरलं होतं. पोहरा बुडत नव्हता, म्हणून सोनाबाई नावाची एक बाई पायऱ्यांनी खाली उतरून वाटीवाटीने घागर भरत होती. वरच्या बाया दोराने घागर ओढून घेत होत्या.

"ही खरी हीर," आबा म्हणाले. "आता बोला."

एवढ्याशा पाण्यात आमचं घर, आणि शिवाय हा सगळा तांडा? यजमान काही बोलणार इतक्यात आबांनी हात वर केला. ते पाण्याकडे पाहत नव्हते. पायऱ्यांच्या वरच्या बांधकामाकडे पाहत होते. तिथे दगडांवर नवा सिमेंटचा गिलावा दिसत होता, आणि त्याला आडवी भेग गेली होती. भेगेतून माती भुरभुरत होती.

हा माणूस कायम ओरडून बोलायचा. त्या क्षणी त्यांचा आवाज इतका खाली आला की मी घाबरले.

"सोनाबाई. घागर ठिव. वर बघू नगं. हळू ये."

तिने वर पाहिलंच. एक दगड सुटून तिच्या शेजारी पाण्यात पडला. ती भिंतीला चिकटली, नेमकी त्याच भिंतीला, आणि जागची हलेना. बाया तिला हाका मारू लागल्या. आबांनी त्यांना हातानेच गप्प केलं.

यजमान चपला काढू लागले. "मी उतरतो."

"तुमी न्हाई," आबा म्हणाले. "घर अजून माझं हाय."

आणि धोतराचा काचा मारून तो सत्तरीचा माणूस, गुडघे धरलेला, त्या पायऱ्या उतरू लागला. भिंतीला हात न लावता. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची. मुलगा ओसरीवरून धावत आला आणि कठड्यापाशी थबकला.

खाली पोचल्यावर आबांनी सोनाबाईच्या खांद्यावर हात ठेवला. काय बोलले ते वर ऐकू आलं नाही. पण तिने मान हलवली. तिच्या कमरेला त्यांनी दोर बांधला, तिला समोरच्या बाजूला नेलं आणि वर खूण केली. आम्ही सगळ्यांनी ओढायला सुरुवात केली. ती दोनदा कडेवर आपटली, पण वर आली. आल्याबरोबर बायांनी तिला पोटाशी धरलं.

दोर पुन्हा खाली सोडला. या वेळी सर्वांत पुढे मुलगा होता. आबा अर्ध्यावर आले असतील, आणि भिंत गेली.

आवाज मोठा नव्हता. धप्प असं काहीतरी झालं आणि धूळ तोंडावर आली. दोर ताठ होता, जड होता, पण त्याच्या टोकाला काय आहे ते दिसत नव्हतं. मग खालून खोकल्याचा आवाज आला. मुलगा "बा! बा!" म्हणत वेड्यासारखा ओढू लागला. त्याच्या तळहातांची सालटं निघाली, पण त्याने दोर सोडला नाही.

आबा वर आले तेव्हा मातीने माखलेले होते आणि उजवा पाय भलतीकडेच वळलेला होता. कठड्याशी आडवे पडून त्यांनी आम्हाला विचारलं, "बघितली का हीर?"

मी रडत होते आणि मला हसूही आलं.

मग ते मुलाकडे वळले. गिलावा त्यानेच मिस्त्री लावून करून घेतला होता, आबा मुलीकडे गेलेले असताना. "भेग मालूम व्हती तुला?"

मुलाने मान खाली घातली.

"ह्या बाया रोज उतरत्यात, ते बी मालूम व्हतं?"

त्या दिवसानंतर आबा मुलाशी बोललेच नाहीत. मी पुढे एकदा म्हटलं, "आबा, तुम्हाला वर त्यानेच काढलं." ते म्हणाले, "व्हय. माझा जीव त्याच्याच हातानं वर आला. पन त्या बाईचा गेला असता तर? अन् मी बी कवापासून म्हनत व्हतो, बांधू, बांधू. माझ्यावर बी राग हाय माझा."

भट्टीवाला ढासळलेली विहीर पाहून पुन्हा फिरकला नाही. आम्ही घ्यायला तयार होतो, तर आबा म्हणाले, "मोडकी हीर इकनार न्हाई." प्लास्टर घातलेला पाय बाजेवर ठेवून त्यांनी विहिरीजवळ मुक्काम टाकला. तांड्यावरची माणसं गाळ आणि दगड उपसायला आली, गावातला गवंडी आला. पावसाच्या आत वरपर्यंत बांधून झालं नाही तर उरलेलीही खचणार होती. रोज संध्याकाळी पश्चिमेला ढग जमायचे आणि आबा त्यांना शिव्या द्यायचे. गवंड्यालाही द्यायचे. शेवटचा थर बसला आणि त्याच आठवड्यात मृग लागला.

व्यवहाराच्या वेळी त्यांनी एकच शब्द मागितला. विहिरीला कुलूप लावायचं नाही. यजमानांच्या डोळ्यांपुढे वैशाखातला तो खळगा होता. मग म्हणाले, "न्हाई लावणार, आबा." ते आबांच्या बोलीत बोलले, याची मला गंमत वाटली.

दुष्काळाची वर्षंही आली. सोनाबाई आणि मी नंबर लावून पाणी भरलं. भांडलोही. पण कुलूप लावलं नाही.

आबा बाळापूरहून अधूनमधून यायचे. काठी टेकत, लंगडत. चहा नको म्हणायचे, पाणी मागायचे. मुलाचा विषय निघाला की उठायचे. दोन हजार सालानंतर त्यांचं येणं बंद झालं. अंथरुणाला खिळले असं कळलं.

एका सकाळी दारात प्रवाशांची जीप थांबली. आबांचा मुलगा उतरला. केस पिकले होते. तो आत येईना. फाटकाशी उभा राहून कडुनिंबाकडे पाहत होता. हातात पांढरी कॅन होती.

"बाई," तो म्हणाला, "बा काल बोलला माझ्याशी." "नळाचं पानी थुकून देतो. म्हनला, तूच जा, तूच शेंदून आन."

मी पोहरा त्याच्या हातात दिला. त्याने स्वतः शेंदलं. सोनाबाई घागर घेऊन आली होती. तिने त्याला ओळखलं, आणि कॅन कलू नये म्हणून खाली बसून दोन्ही हातांनी धरून ठेवली. जीपच्या टपावर जागा होती, तरी ती कॅन त्याने मांडीवर घेतली.

आठवडी बाजाराच्या दिवशी जीपवाल्याने ती परत आणून दिली. धुतलेली, झाकणाला सुतळी बांधलेली.

"दोन घोट घेतले म्हने," तो म्हणाला. "लेकाच्या हातानं. उरलेल्यानं शेवटची आंघोळ घातली."